डर्बन बंदर व तेथील हवापाणी

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं वर्गांत दक्षिण आफ्रिकेचा नकाशा लावला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "सर, आमचे मामा डर्बनला असतात. ते म्हणतात कीं, तिकडे नाताळांत सारें गांव समुद्रांत डुंबायला जातें. त्यांना थंडी वाजत नाहीं का?" वर्ग हंसला खरा, पण हंसणाऱ्यांपैकीं उत्तर देणारा एकही निघाला नाहीं. प्रश्न अगदीं योग्य होता, आणि त्याचें उत्तर देतां देतां एका तासाचे तीन तास झाले. त्या तीन तासांत जें बोलणें झालें, त्यांतील मुख्य भाग आम्ही येथें देत आहों. वाचकांनीं नकाशांचें पुस्तक जवळ घेऊन हा लेख वाचावा, म्हणजे आमचे श्रमही वांचतील व त्यांचेही.

डर्बन हें बंदर दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, हिंदी महासागराच्या कांठीं, सुमारें ३० दक्षिण अक्षांशांवर आहे. आपल्याकडील हरिद्वार विषुववृत्ताच्या उत्तरेस जितकें दूर, जवळजवळ तितकेंच हें दक्षिणेस दूर. मकरवृत्त साडेतेवीस अंशांच्या सुमारास आहे, म्हणजे तें डर्बनच्या बरेंच उत्तरेस राहिलें. त्यामुळें डर्बनच्या लोकांस सूर्य अगदीं डोक्यावर असा कधींच दिसत नाहीं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस भर दुपारीं तो माथ्याच्या पुष्कळ जवळ येतो, तरी सहासात अंश उत्तरेस कललेला असतोच. जूनमध्यें तर तो उत्तरेकडे इतका उतरतो कीं घरांत ऊन यावें म्हणून खिडक्या उत्तरेस ठेवाव्या लागतात. आपल्याकडे हिंवाळ्याचें ऊन दक्षिणेच्या खिडकींतून येतें. तेथें नेमकें उलट. डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा आणि जून, जुलै व ऑगस्ट हा हिंवाळा. आंबे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पिकतात. शाळांची मोठी सुटी डिसेंबरांत असून नवें वर्ष जानेवारींत सुरू होतें. आमच्या विद्यार्थ्यास त्याचें उत्तर येथेंच मिळालें. पण उत्तर मिळालें कीं प्रश्न संपतो, असा भूगोलाचा नियम नाहीं.

या गांवाच्या नांवांचीही एक गोष्ट आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा हिंदुस्थानाकडे येत असतां १४९७ सालच्या ख्रिस्तजन्माच्या सणास या किनाऱ्यासमोरून गेला, म्हणून त्यानें या भूमीस 'नाताल' असें नांव दिलें. आपल्या मराठींतील 'नाताळ' हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दापासून झालेला आहे, तेव्हां हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. पुढें १८२४ सालीं कांहीं इंग्रज व्यापारी येथें येऊन राहिले, व १८३५ सालीं त्यांच्या वस्तीस केप वसाहतीचे गव्हर्नर सर बेंजामिन डर्बन यांचें नांव देण्यांत आलें. मूळच्या झुलू लोकांचें नांव मात्र 'ईथेक्विनी' असें असून, उपसागर या अर्थाच्या झुलू शब्दापासून तें निघालें आहे. गामाच्या नांवांत तारीख आहे, इंग्रजांच्या नांवांत अधिकारी आहे. जागा कशी आहे हें सांगणारें नांव एकट्या झुलूंचेंच. शहराच्या महानगरपालिकेनें आज तेंच धारण केलें आहे, आणि प्रांताचें नांव १९९४ पासून 'क्वाझुलू-नाताल' असें आहे.

हा उपसागर लहानसा व जवळजवळ चहूंकडून बंद आहे. दक्षिणेस 'ब्लफ' नांवाची लांबट टेकडी समुद्रांत शिरलेली, उत्तरेस वाळूची एक जीभ पुढें आलेली, आणि या दोहोंमधून आंत शिरण्याची वाट. पश्चिमेस गांवाच्या पाठीशीं 'बेरिया' नांवाची टेकड्यांची रांग आहे. ब्लफ काय किंवा बेरिया काय, या प्राचीन काळीं वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेकड्या होत. बेरियाची वाळू तर गेरूसारखी लाल आहे. कोरडी असतां ती घट्ट दिसते. पाणी मुरलें म्हणजे तिचें बळ जातें. ही लाल वाळू वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, तिच्याशीं आपणांस पुढें काम पडणार आहे.

बेरियाच्या मागें भूमि चढत चढत जाते व सुमारें २०० किलोमीटरांवर ड्राकेन्सबर्ग पर्वताची भिंत उभी राहते. कित्येक शिखरें ३००० मीटरांहून उंच आहेत. आपलें कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीप्रमाणेंच हाही पर्वत म्हणजे एका पठाराची समुद्राकडील तुटलेली कड आहे, आणि सह्याद्रीप्रमाणेंच त्याचा माथा काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. आपला लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा व त्यांचा सुमारें अठरा कोटी वर्षांपूर्वींचा, एवढेंच वडीलपण त्यांजकडे जातें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. नकाशावर डर्बनवर बोट ठेवून तें सरळ पश्चिमेस सरकवावें. सारें खंड ओलांडून बोट अटलांटिक महासागरास जेथें लागेल, त्याच्या थोडेंसें उत्तरेस पोर्ट नोलोथ नांवाचें लहान बंदर सांपडेल. अक्षांश जवळजवळ एकच, समुद्रकांठ दोहोंकडे, सूर्याची उंची सारखी. मग हवा सारखी असावयास हरकत कोणती? परंतु डर्बन येथें वर्षाकांठीं सुमारें १००० मिलिमीटर, म्हणजे ४० इंच पाऊस पडतो, आणि पोर्ट नोलोथ येथें १०० मिलिमीटरही पडत नाहीं. एकीकडे ऊंस, केळी, आंबे व खाडीच्या मुखाशीं तिवरांचीं बनें. दुसरीकडे खुरटीं झुडुपें, वाळू आणि धुकें. अक्षांश पाहून हवा सांगणाऱ्या विद्यार्थ्यानें परीक्षेंत कां नापास व्हावें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

कारण समुद्राच्या पाण्यांत आहे. डर्बनच्या किनाऱ्यालगत अगुल्हास नांवाचा प्रवाह मोझांबिककडून नैर्ऋत्येस वाहतो. विषुववृत्ताकडचें ऊन खाऊन आलेलें त्याचें पाणी उबदार असतें, आणि जगांतील अत्यंत जोरकस समुद्रप्रवाहांत त्याची गणना होते. डर्बनजवळ समुद्राचें पाणी हिंवाळ्यांतही २० अंश सेल्सिअसच्या खालीं सहसा जात नाहीं व उन्हाळ्यांत २५ अंशांच्या घरांत असतें. अशा पाण्यावरून येणारी हवा वाफेनें भरलेली असते. ती किनाऱ्यास लागून टेकड्या चढूं लागली कीं वर जाते, थंड होते, व पाऊस पडतो. पश्चिम किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथें बेंग्वेला प्रवाह वाहतो. शिवाय आग्नेयीकडील वारे किनाऱ्यालगतचें वरचें पाणी बाहेर लोटतात व त्याच्या जागीं खोल समुद्रांतलें गार पाणी वर येतें. त्यावरील हवा खालून गार होते. गार हवा जड, ती वर चढत नाहीं. तिच्यांत धुकें दाटतें, पण पाऊस होत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें येथें विचारलें कीं, धुकें म्हणजे पाणीच ना? होय, पाणीच, परंतु चुलीवरच्या भांड्यांतली वाफ झांकणापर्यंत पोंचलीच नाहीं, तर झांकणावरून थेंब कसे ठिबकणार?

याशिवाय आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस तीस अंशांच्या सुमारास उंचावरील हवा खालीं उतरत असते, आणि उतरणारी हवा कोरडी होते. म्हणूनच सहारा, थर व ऑस्ट्रेलियाचीं वाळवंटें या पट्ट्यांत वा त्याच्या आसपास पडलीं आहेत. डर्बन त्याच पट्ट्यांत असून हिरवें राहिलें, हा त्या उबदार प्रवाहाचा व समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा उपकार होय. खंडांच्या पूर्व किनाऱ्यावर अशी जी ओलसर, उबदार हवा असते तिला उपोष्ण हवा म्हणतात.

आंकडेच पाहिजे असतील तर जानेवारींत दिवसाचें तपमान सरासरीनें २८ अंशांपर्यंत चढतें व रात्रीं २१ वर उतरतें. जुलैंत दिवसा २३ व रात्रीं ११. कोंकणच्या माणसास यांत भयंकर असें कांहींच वाटणार नाहीं. पाऊस जानेवारींत १३० मिलिमीटरांच्या आसपास, जूनमध्यें ३० च्या आसपास; म्हणजे उन्हाळ्यांत अधिक, पण हिंवाळ्यांतही अगदींच थांबत नाहीं. रत्नागिरीस एकट्या जुलै महिन्यांत जितका पाऊस कोसळतो, जवळजवळ तितका डर्बनला बारा महिन्यांत वांटून मिळतो. आपल्याकडे पाऊस आठ महिने रजेवर असतो. तेथें तो थोडाथोडा रोज कामावर येतो, असें म्हटलें तरी चालेल. या वांटणीचें महत्त्व शेतकऱ्यास विचारावें. आपल्या देशावर ऊंस पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावांचून उभा राहत नाहीं. नातालच्या किनाऱ्यावरील बहुतेक ऊंस नुसत्या पावसावर होतो.

थंडीच्या दिवसांत तेथें एक चमत्कारिक वारा सुटतो. त्यास 'बर्ग वारा', म्हणजे डोंगरवारा म्हणतात. पठारावरील हवा ड्राकेन्सबर्गच्या कडेवरून समुद्राकडे उतरूं लागते. हवा खालीं येतां येतां दाबली जाते व दाबली गेल्यामुळें तापते. दर १०० मीटरांस सुमारें एक अंश. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून जोरानें हवा भरली असतां पंप गरम होतो, त्याचेंच हें मोठें स्वरूप. पठारावरून थंड म्हणून निघालेली हवा किनाऱ्यावर ऊन व कोरडी होऊन येते, आणि ऐन हिंवाळ्यांत एखादा दिवस उन्हाळ्याहून कडक जातो. मग एकाएकीं नैर्ऋत्येचा गार वारा लागतो, व कांहीं तासांत तपमान झपाट्यानें उतरतें. याच ऋतूंत किनाऱ्यालगत गार पाण्याची एक चिंचोळी पट्टी उत्तरेस सरकते व तिच्याबरोबर तारली माशांचे प्रचंड थवे येतात. लोक टोपल्या घेऊन समुद्रावर धांवतात. मागून डॉल्फिन, शार्क व पक्षीही येतात.

बंदराचा इतिहास मात्र वाळूशीं झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. दक्षिणेकडून तिरप्या येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू सारखी उत्तरेस ढकलीत असतात. ती उपसागराच्या तोंडाशीं सांठून तेथें पाण्याखालीं एक बांध झाला होता. आंत सुरक्षित पाणी, बाहेर गलबतें, आणि मध्यें हा बांध! मोठ्या आगबोटी बाहेरच नांगर टाकीत. उतारूंस वेताच्या मोठ्या टोपलींत बसवून क्रेननें खालच्या लहान बोटींत उतरवीत. पन्नासांहून अधिक वर्षें धक्के बांधणें व गाळ उपसणें चाललें होतें. शेवटीं १९०४ च्या जूनमध्यें 'आर्माडेल कॅसल' ही मोठी टपालाची आगबोट बांध ओलांडून आंत आली, तेव्हां गांवानें उत्सव केला. तथापि वाळूचा स्वभाव पालटला नाहीं. धक्क्यांमुळें ती दक्षिणेस अडून राहते व उत्तरेकडील चौपाटी झिजते; म्हणून एका बाजूची वाळू काढून, पंपानें दुसऱ्या बाजूस नेऊन टाकावी लागते. समुद्र जें काम फुकट करीत होता, तें आतां पैसे देऊन करवून घ्यावें लागतें.

याच समुद्रमार्गानें आपले लोक तेथें गेले. ऊंस होतो असें दिसून आल्यावर मळेवाल्यांस मजूर हवे झाले, आणि १६ नोव्हेंबर १८६० रोजीं 'ट्रूरो' हें जहाज मद्रासहून गिरमिटियांची पहिली टोळी घेऊन डर्बनला लागलें. १९११ पर्यंत सुमारें दीड लाख माणसें अशीं नेण्यांत आलीं. बहुतेक तामीळ, तेलुगु व हिंदी बोलणारीं. मागाहून गुजराती व्यापारी आले. त्यांच्याच एका दाव्यासाठीं १८९३ सालीं मोहनदास गांधी नांवाचे तरुण बॅरिस्टर डर्बनला उतरले. १८९६ च्या अखेरीस ते पुन्हां आले तेव्हां मुंबईंत प्लेग असल्याचें कारण सांगून त्यांची बोट तेवीस दिवस बंदराबाहेर रोखून धरण्यांत आली. गिरमिट संपवून तेथेंच राहणाऱ्यांवर सालीना तीन पौंडांचा कर होता. त्याविरुद्ध बोलण्यासाठीं १९१२ सालीं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले व डर्बनलाही आले होते. तो कर १९१४ सालीं उठला.

आतां पावसाकडे पुन्हां येऊं. क्रिकेटच्या नादी विद्यार्थ्यांस सांगावेंसें वाटतें कीं, १९३९ च्या मार्चमध्यें डर्बनच्या किंग्समीड मैदानावर इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांचा एक सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळावयाचें, दिवसांची मर्यादा नाहीं, असें ठरलें होतें. इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या. ६५४ झाल्या, पांचच गडी बाद झाले होते, आणि पाऊस आला. केपटाऊनहून सुटणारी आगबोट गांठणें भाग होतें, म्हणून ४२ धावा राहिल्या असतां सामना अनिर्णित सोडून पाहुणे निघून गेले. मार्च हा तेथील पावसाचा महिना, हें आंकड्यांवरून आपण पाहिलेंच आहे.

परंतु तो पाऊस नेहमींच असा खेळकर नसतो. उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जे वारे वाहतात, त्यांतून कधीं कधीं थंड हवेचा एक भोंवरा तुटून वेगळा पडतो. मुख्य प्रवाह पुढें जातो व हा भोंवरा एकाच जागीं रेंगाळतो. वर गार हवा, खालीं उबदार समुद्रावरची ओली हवा, आणि ती किनाऱ्यावर लोटणारा वारा, असें जुळून आलें म्हणजे एका दिवसांत कित्येक महिन्यांचा पाऊस कोसळतो. १९८७ च्या सप्टेंबरांत असें झालें व शेंकडों माणसें दगावलीं. ११ व १२ एप्रिल २०२२ रोजीं पुन्हां तसेंच झालें. एप्रिलची साऱ्या महिन्याची सरासरी सुमारें ७३ मिलिमीटर. त्या वेळीं कांहीं ठिकाणीं चोवीस तासांत ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. मुंबईकरांस २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर आठवत असतील, त्यांस हा आंकडा लहान वाटेल. पण डर्बनच्या नद्या आखूड व उतार तीव्र, आणि टेकड्यांवर ती लाल वाळू. चारशेंहून अधिक माणसें मेलीं, हजारों घरें गेलीं, पूल तुटले, बंदराचें काम थांबलें. हवा तापत चालल्यामुळें अशा पावसाचा संभव पूर्वींच्या सुमारें दुप्पट झाला आहे, असें त्याच वर्षीं शास्त्रज्ञांनीं हिशेब करून दाखविलें.

पाऊस सर्वांवर सारखा पडला, घरें मात्र सर्वांचीं सारखीं गेलीं नाहींत. वाऱ्याच्या व उंचावरच्या चांगल्या जागा पूर्वींपासून गोऱ्यांकडे होत्या. १९५० च्या वर्णवार वस्त्यांच्या कायद्यानें आफ्रिकी व हिंदी लोकांस गांवाबाहेर दूर हलविण्यांत आलें. तो कायदा १९९१ सालीं रद्द झाला, तरी गरिबांच्या झोंपड्या अजूनही बहुधा नदीकांठीं व निसरड्या उतारांवर आहेत. हें नवीन नव्हे. १९१७ च्या ऑक्टोबरांत उमगेनी नदीस महापूर आला, तेव्हां नदीच्या सखल कांठीं भाजी पिकवून राहणाऱ्या हिंदी लोकांची पत्र्याच्या घरांची वस्ती पाण्यांत सांपडली. पडावतन कुटुंबांतील सहा मच्छीमारांनीं आपली मासेमारीची होडी पुरांत घातली व पुन्हां पुन्हां फेऱ्या करून १७६ माणसें बाहेर काढलीं. तीं माणसें तशा जागीं राहत होतीं, कारण चांगली काळी माती व स्वस्त जमीन तेथेंच होती.

तिसरा तास संपल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास विचारलें, "तुझ्या मामांचें घर चढावर आहे कीं सखलांत?" त्यास ठाऊक नव्हतें. चार दिवसांनीं त्यानें उत्तर आणलें. घर बेरियाच्या उतारावर आहे. २०२२ च्या त्या रात्रीं मागची आवाराची भिंत लाल चिखलासह खालच्या घराच्या अंगणांत गेली. घर उभें राहिलें. मामांनीं नवी भिंत बांधली आहे, आणि या खेपेस तिच्या बुडाशीं पाणी निघून जाण्यास भोंकें ठेवलीं आहेत.